रेझिनच्या बाहुलीचा पाय

हसायचं तर हसा, पण मी बाहुलीचा पाय बसवलाय आणि त्याची मला लाज नाही.

नातीला, ऋतुजाला, हातपाय वळणारी सांध्यांची बाहुली घ्यायची होती. तिचं मन रेझिनच्या बाहुलीवर बसलेलं. तिची मैत्रीण सायली आपल्या दोन बाहुल्या घेऊन आली. म्हणाली, "नवख्यानं व्हायनिलचीच, म्हणजे मऊ प्लास्टिकचीच घ्यावी. हलकी असते, पडली तरी फुटत नाही. रेझिनची जड, आणि उन्हात पिवळी पडते."

मी तिची रेझिनची उचलली, तर पाय माझ्या हातात आला. आतलं इलॅस्टिक सुटलं होतं.

सायली रडवेली झाली. "आता दुरुस्तीला पुण्याला पाठवावी लागणार. बघ ऋतुजा, म्हणूनच सांगत होते."

ऋतुजाचं तोंड उतरलं.

"कुटं पाठवू नको," मी म्हणालो. "तारेचा तुकडा आण."

"आजोबा, तुम्हाला यातलं काय कळतं?" सायली म्हणाली.

"चाळीस वर्षं मागावर तुटलेली सुतं ओढली. ही तर एकच दोरी हाय."

तारेला आकडा केला, इलॅस्टिक ओढलं, पाय बसवला. बाहुली त्याच एका पायावर उभी राहिली.

ऋतुजानं रेझिनचीच घेतली. परवा सायली आपली दुसरी, व्हायनिलची बाहुली माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आली. हात लावायच्या आधी मी विचारलं, "आता सांग, नवखं कोण?"