भिजलेल्या पत्र्यांची आग

वर नाव व पत्ता दिलेली मी, वय एकेचाळीस, नोकरी प्लास्टिक कारखान्याच्या तपासणी विभागात, स्वतः ठाण्यात येऊन सांगते ती हकीकत अशी :

आमच्या कारखान्यात भिंतींना आणि छताला लावायचे प्लास्टिकचे पत्रे तयार होतात. दोन प्रकारचं प्लास्टिक वितळवून त्यात आग रोखणारी पावडर मिसळतात. तयार पत्र्याची एक पट्टी कापून टांगायची, खालून ज्योत लावायची आणि काढून घ्यायची. पट्टी आपोआप विझली तर माल पास. हे काम माझ्याकडे आहे.

माझे थोरले भाऊ एका मोठ्या लाँड्रीत धुलाई यंत्रावर आहेत. तिथे आमचेच पत्रे लावलेले आहेत. मागच्या महिन्यात भाऊ जेवायला आले तेव्हा म्हणाले, "तुमचे पत्रे पांढरे पडायला लागलेत गं. हात फिरवला की पीठ लागतं." लाँड्रीतल्या वाफेने आमची पावडरच बाहेर येत असेल, अशी मला शंका आली.

मी काही पट्ट्या गरम पाण्यात बरेच दिवस भिजत ठेवल्या. काढून, वाळवून ज्योत लावली. विझल्या नाहीत. पेटते थेंब गळत राहिले. पावडर पाण्यात उतरली होती.

विभागप्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, "नियमात कोरडी पट्टी आहे. कोरडी पास आहे ना? मग कशाला खाजवून खरूज काढता?"

मी भावाला फोन केला. "दादा, थोडे दिवस रजा टाक." ते हसले. "पत्र्यांना घाबरून घरी बसलो तर तुझी वहिनी मलाच धुवून वाळत घालेल."

काल दुपारी मी लाँड्रीच्या व्यवस्थापकांकडे गेले. निदान स्विचबोर्डाजवळचे पत्रे आजच काढा, असं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमचा कारखाना म्हणतो पेटत नाहीत, तुम्ही म्हणता पेटतात. आधी तुमचं तुमच्यात ठरवा."

आमचं बोलणं चालू असतानाच जळका वास आला. मी धुलाईच्या हॉलमध्ये धावले. स्विचबोर्डामागून जाळ पत्र्यावर चढत होता. भावाने मेन स्विच पाडला आणि सगळ्यांना मागच्या दाराने काढलं. छतावरून पेटते थेंब पडत होते. मला पाहून भाऊ ओरडले, "छकुले, तू इथे काय करतेस? नीघ!"

बाहेर आल्यावर कळलं, इस्त्रीवरच्या एक बाई आतच आहेत. त्यांना ऐकू कमी येतं. भाऊ परत आत गेले. त्या बाईंना त्यांनी दारातून बाहेर ढकललं. ते स्वतः आले नाहीत. अग्निशमनच्या लोकांनी त्यांना आणलं.

भाऊ अतिदक्षता विभागात आहेत. काहीही विचारलं तरी डॉक्टर "बघू" म्हणतात. पत्रे कुठले होते, हे वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.

लाँड्रीतल्या न जळलेल्या भिंतीचा तुकडा आपण ताब्यात घ्यावा आणि तोच तपासावा. कारखान्याने नवा कोरा तुकडा दिला तर त्यावर विसंबू नये.

माझं सांगणं हवालदारांनी लिहून घेऊन मला वाचून दाखवलं. भावाच्या नोकरीच्या ओळीत "होते" लिहिलं गेलं होतं. ते खोडून "आहेत" करून घेतलं. आता सगळं बरोबर आहे.