अकरा आठवड्यांचा ताप

—नाही, ह्यांना भेटता यायचं नाही, ताप आहे ह्यांना, आत झोपलेत. दाराशी चपला बघितल्यात ना? ह्यांच्याच. बसा तुम्ही, त्या बाकावर बसा, ती हेल्मेटं जरा पलीकडे सरकवा—ओली नाहीत, कालच धुऊन वाळवलीत. बाकीची माणसं दहाला येतील. सहलीच्या कंपनीची गाडी वेळेआधी कधी येत नाही, तुम्हीच आपले लवकर आलात. आलात कसे, बसनं? वळणापासून चालत? या बुटांनी? अहो, हे बूट लग्नाला जायचे, गुहेत नाही चालायचे—आत शेवाळ आहे, पहिल्याच उतारावर पाठीवर पडाल आणि मग म्हणाल, बाईंनी सांगितलं नाही. देते मी दुसरे. थांबा हो, सांगा सावकाश, कुठं पळून जातंय का काही? तोवर मी या दिव्यांचे सेल बदलते. दहा माणसं म्हणजे दहा दिवे, वर दोन जादा.

कंपनीच्या जाहिरातीच्या कागदावरचा ह्यांचा फोटो बघून आला असाल. सगळे तोच बघून येतात—'साहसाचा थरार अनुभवा, एका अवलियाला भेटा, जगण्याकडे बघायची तुमची नजर बदलून जाईल.' अवलिया! आमच्या मोरीतला नळ तीन महिने गळत होता, बादल्या बदलून बदलून मी थकले, तो काही अवलियाला दिसला नाही. गुहेत मात्र पाण्याचा एक थेंब पडला की अर्धा तास प्रवचन. लोकांना आवडायचं हं, खोटं कशाला बोलू? मोठ्या मोठ्या शहरांतून यायची माणसं, गुडघे सोलून घ्यायची, चिखलात लोळायची, आणि मग इथं या टेबलाशी माझ्या हातचं जेवताना डोळ्यांत पाणी आणून म्हणायची—किती भाग्यवान हो तुम्ही, असं आयुष्य आम्हाला कधी मिळणार! मी म्हणायचे, हे काय, त्या कोपऱ्यातली भांडी घासायला घ्या, लगेच मिळेल. हसायची. त्यांना वाटायचं, बाई विनोदी आहेत. घरी गेली की पत्रं—नोकरी सोडली, बंगला विकला, आता बासरी शिकतोय. एकानं तर बायको सोडली, आणि आभाराचं पत्र ह्यांना! ह्यांनी ते भिंतीला लावलं होतं. मी काढलं.

आणि मी—खरं सांगू? बावीस वर्षं या घरात, गुहेचं तोंड त्या खिडकीतून दिसतं, आणि मी आत पाऊल टाकलं नव्हतं. जाणार कधी? दहाला माणसं आत, दोनला बाहेर, आणि बाहेर येतात ती भुकेली. मधल्या चार तासांत स्वयंपाक कुणी करायचा, अवलियानं? ह्यांनी कधी म्हटलं नाही चल, आणि मीही म्हटलं नाही न्या. म्हणजे, एकदा म्हटलं होतं, पहिल्या वर्षी. 'तुला काय कळतंय' वगैरे नाही हं म्हणाले, तसे स्वभावानं वाईट नाहीत. 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणाले. जाऊ दे ते.

काय? ताप कधीपासून? झाले की चार-पाच दिवस. म्हणजे आठवडा. म्हणजे—हे बघा, तुम्ही कंपनीचे नाही ना? नक्की? तोंडावरून तरी साधे दिसता. अकरा आठवडे झाले. एवढा ताप कुणाला असतो का हो? ऑफिसातली ती मुलगी दर सोमवारी फोनवर विचारते, 'काकू, डॉक्टरांना दाखवलंत का?' मी म्हणते, दाखवलं, औषध बदलून दिलंय. हे घरात नाहीत. गेले. त्या मेल्या लिफ्टवाल्याच्या नादी लागून गेले.

हो, लिफ्टवालाच. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते महिनाभर, तेवढ्यात हा कोण कुठला लिफ्ट दुरुस्त करणारा इथं येऊन उतरला, तीन दिवस राहिला. आजवर हे बोलायचे आणि माणसं ऐकायची—हा पहिलाच असा भेटला की तो बोलला आणि हे ऐकत बसले! काय तर म्हणे, लिफ्ट जिथून वर-खाली जाते ती विहीर म्हणजे उभी गुहाच की. म्हणे, नुसत्या आवाजावरून त्याला कळतं, कितव्या मजल्यावर दुखतंय ते. झालं! दुसऱ्यांच्या नोकऱ्या सोडवणारा आमचा माणूस स्वतःच चारी मुंड्या चीत. मी घरी येते तर डब्यावर चिठ्ठी—'माझी नजर बदलली आहे, शहरात जातो, काळजी नसावी.' तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सत्तावन्न वर्षांचा माणूस, लिफ्टसाठी घर सोडतो! बाई असती तर निदान चार लोकांत सांगता तरी आलं असतं. दर आठवड्याला पत्र—'आज एकोणिसाव्या मजल्यावर गेलो.' जसं काही शिखर सर केलंय. एका पत्रात दोन पानं नुसता ठोकळा—लिफ्ट वर जाते ना, तेव्हा मागून जवळजवळ तेवढ्याच वजनाचा एक लोखंडी ठोकळा खाली जात असतो म्हणे, कुणाला दिसत नाही, पण तो आहे म्हणून लिफ्ट चालते. 'केवढा विचार आहे यात!' हे मला लिहितात. मला! एवढं समजायला एकोणीस मजले चढायची काय गरज होती, स्वयंपाकघरात डोकावला असतात तरी—. तो लिफ्टवाला मला एकदा भेटू दे. नुसता भेटू दे. त्याच्याच विहिरीत त्याला उलटा टांगला नाही तर बघा. तुम्हाला का एवढा घाम फुटलाय? खिडकी उघडू? पाणी घ्या, तो ग्लास भरूनच ठेवलाय.

थांबा, बोलते ना मी, पूर्ण होऊ द्या. तर चिठ्ठी वाचली आणि दुसऱ्या दिवशी दहाला आठ माणसं अंगणात हजर. मी सांगणारच होते, परत जा म्हणून. तर त्यांच्यातल्या एक बाई, हेल्मेट उलटं घातलेलं, माझा हात धरून म्हणाल्या, 'तुम्ही त्यांच्या मिसेस ना? मग तुम्हाला सगळं माहीतच असणार!' आणि माझ्या तोंडातून हो निघून गेलं. कसं गेलं देव जाणे. बोलणं म्हणाल तर पाठच होतं—बावीस वर्षं हे रोज आत जायच्या आधी या भिंतीपलीकडे तेच घोकायचे, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं. ह्यांची पँट चढवली, कमरेला दोरी बांधली आणि शिरले. आत एक मोठं दालन आहे, तिथं सगळ्यांनी आपापला दिवा बंद करायचा असतो, एक मिनिट. आणि त्या काळोखात हे म्हणतात—'या अंधारात माणूस स्वतःला भेटतो.' मी म्हटलं, दिवे बंद करा. केले. आणि मला पुढचं काही आठवेचना! असा अंधार की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळत नाही. शेवटी म्हटलं, 'माफ करा हो, मला काही आठवत नाहीये, मी आज पहिल्यांदाच आलेय.' कुणीतरी फिस्सकन हसलं. पण दिवा कुणी लावला नाही. एका मिनिटाची पाच झाली असतील. कुणी मला हाक मारत नव्हतं. काही उतू जात नव्हतं. मी आपली बसले होते. मला तर इतकं रडू आलं—आणि इतकं बरं वाटलं, काय सांगू तुम्हाला.

मग रोज जायला लागले. स्वयंपाक पहाटे उठून करून ठेवते, गार जेवतात बिचारी, कुणी तक्रार करत नाही. आणि ह्यांना न दिसलेलं मला दिसतं बरं का! आत एक फट आहे, सरपटत जायची, तिला आम्ही सुई म्हणतो. तिच्या तोंडाशी एक थेंब पडतो. मला अंडी उकडताना आकडे म्हणायची सवय, तशी मी मोजत गेले—साठ म्हणेपर्यंत एक थेंब. रोज साठ. एक दिवस चाळीसलाच पडला. मग पंचवीस. बाहेर लख्ख ऊन, आणि थेंब सतरावर! मी म्हटलं, चला मागे, सगळे. एक मोठा कॅमेरावाला भांडायला लागला—मी एवढ्या लांबून आलोय, हवा छान आहे, घाबरताय कसल्या. मी म्हटलं, ऊन बाहेर आहे, आपण आत आहोत, उलटे फिरा. दुपारी सुई छतापर्यंत भरली. वर डोंगरात कुठंतरी पाऊस कोसळला होता, इथं टिपूस नाही. तो कॅमेरावाला संध्याकाळपर्यंत या बाकावर बसून होता, तुम्ही बसलात तिथंच, चहासुद्धा घेतला नाही त्यानं. हे आहे हो गुहेचं. अवलियागिरी एकीकडे आणि कान एकीकडे. पण कंपनीला कोण सांगणार? तिकडचं म्हणणं, लोक त्या फोटोतल्या चेहऱ्यासाठी येतात, तो माणूस नसेल तर ग्रुप दुसऱ्या गुहेकडे वळवू. म्हणून ताप. रोज धाकधूक, आजच कुणीतरी येऊन आत डोकावेल आणि सगळं—

काय म्हणालात? परत बोला. लिफ्टची कामं करता. तुम्ही. कुठल्या—म्हणजे ते, तेच तुम्ही? आणि इतका वेळ तोंड शिवून बसलात? बरोबर आहे, मी उघडू दिलं असतं तर ना. बसा हो, उठू नका, टांगत नाही आत्ता. ते कुठं आहेत? बरे आहेत ना? नीट सांगा, हातपाय धड आहेत ना? वळणावर? बसथांब्यावर? सकाळपासून तिथंच बसलेत? आणि तुम्हाला पुढं पाठवलं. भीती वाटते! उभ्या कड्याला दोरावर लोंबकळणारा माणूस, त्याला घरी यायची भीती वाटते.

का आले पण? तिथंच नजर बदलली होती ना? स्टुलावर बसवलं होतं, बटणं दाबायला, बरं. मग? दिवा बंद केला? लिफ्टमधला? आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधोमध थांबवून? आणि म्हणाले, 'या अंधारात माणूस—' अगं आई गं! कोण होतं आत? इमारतीच्या मालकाच्या सासूबाई! थांबा, थांबा, मला श्वास घेऊ द्या. भेटल्या का मग त्या स्वतःला? काढलंच असेल ह्यांना, नाहीतर काय हार घालतील? हसू नको तर काय करू हो. हे डोळ्यांतलं पाणी हसण्याचंच आहे. बरंचसं. बारीक झालेत का? जेवण कुठं करतात? तुमच्याकडे? तुमची बायको काही म्हणत नाही? धन्य आहे माउलीची.

म्हणजे आता परत यायचंय. हं. मघाशी तुम्ही म्हणालात ना, 'ते आलेत'—तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? नवरा आला असं नाही आलं. गुहा गेली, असं आलं. फोटो त्यांचा, नाव त्यांचं, सोमवारी ताप उतरणार, आणि मी पुन्हा भिंतीच्या या बाजूला. हे तुम्हाला सांगायला नको होतं. विसरून जा, ऐकलंच नाहीत असं समजा. आणि मला त्यांची आठवण येत नाही असं नाही हो! चपला काय कंपनीसाठी ठेवल्यात? कंपनी काय रोज बघायला येते? रोज सकाळी पुसून ठेवते मी त्या, वेड्यासारखी. पण मला दोन्ही पाहिजे. या वयात हावरट झालेय, असं म्हणा हवं तर.

आली वाटतं गाडी. हो, तोच हॉर्न. ऐका, भरभर ऐका. त्यांना सांगा, मी रागावलेली नाही. नको, तसं नका सांगू, थोडी रागावलेय म्हणा. दार उघडं आहे, यावं. पण माणसं आत मी नेणार. आज नेणार, उद्या नेणार. त्या मुलीला आज मीच फोन करते—ताप उतरला, आता कागदावर फोटो माझा छापा; नाहीच म्हणाले तर बघू, त्या कॅमेरावाल्याला बोलवीन साक्षीला. आणि दोन वाजता ही दहा माणसं बाहेर येतील, अकरावी मी. पहाटेचं गार आहे ते रात्रीला होईल; दोनला टेबलावर गरम जेवण पाहिजे. तांदूळ डब्यात, भाजी टोपलीत. काय म्हणता, त्यांना येत नाही? चहासुद्धा येत नाही, ठाऊक आहे मला. मला तरी कुठं येत होतं? फक्त मीठ कुठंय विचारायला गुहेत येऊ नका म्हणावं. आणि तुम्ही काय बघत बसलात, जा, घेऊन या त्यांना, आणि त्यांच्या हाताखाली कांदे चिरा. उठा. सरका, ते हेल्मेट द्या इकडे. माझी माणसं आली.