बाळकृष्ण दिघे यांना दिसलेल्या माशांबाबत

नाव : कांचन बाळकृष्ण दिघे. वय : ६८ वर्षे. धंदा : घरकाम, पूर्वी शाळेत शिक्षिका. राहणार : कारेलीबाग, बडोदे.

समक्ष विचारल्यावरून सांगते, की वरील पत्त्यावर मी, माझे यजमान बाळकृष्ण आणि मुलगा कुणाल असे आम्ही राहतो. यजमान रिफायनरीतून निवृत्त झाले आहेत. तेथे ते दाब आणि तापमान दाखवणाऱ्या यंत्रांची देखभाल करीत. कुणाल नंदेसरीच्या एका कारखान्यात सेफ्टीचे काम पाहतो. घरीही तो तेच पाहतो, हे मुद्दाम नमूद करते. मला गुजराती चांगले येते, पण आजचे सांगणे मराठीतच जमेल असे मी म्हटल्यावरून जमादार बळवंतराव यांनी ते मराठीत लिहून घेतले आहे.

सावली तालुक्यातील एका तलावावर यजमानांची बॅटरीच्या मोटरवर चालणारी लहान होडी आहे. तलावाच्या ठेकेदाराची परवानगी आहे. गळ टाकून बसणे हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. मासे आणले की सोसायटीतल्या शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी खिडक्या लावून तळते. वास तरीही जातो आणि ते तरीही काही बोलत नाहीत, त्यांचे भले होवो. होडीवर फिशफाइंडर नावाचे यंत्र आहे. त्याचा एक भाग पाण्यात असतो, तो खाली आवाज सोडतो आणि मासा असला तर पडद्यावर माशाचे चित्र उमटते.

दिवाळीनंतर यजमान सांगू लागले, की पडद्यावर मासेच मासे दिसतात. तलाव पंधरा फूट खोल आणि मासे चाळीस फुटांवर. कधी म्हणत, पडदा पार काळा पडतो. कुणालने यंत्र काढून दुकानात नेले. दुकानदाराने ते बादलीतल्या पाण्यात धरून चालवले तर यंत्र उत्तम. यंत्र उत्तम म्हटल्यावर बिघाड कुणात आहे, हे घरात कुणी तोंडाने बोलले नाही. कुणालने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि होडीला गिऱ्हाईक पाहिले.

यजमान भांडले असते तर मला बरे वाटले असते. ते गप्प झाले. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघू लागले. चहात साखर घातली की मला विचारत, "घातली ना मी?" काल भाजी कोणती होती हे सांगण्याआधी माझ्या तोंडाकडे बघत. काही विसरलेले नव्हते. विसरलो असू या धास्तीने ते असे करीत होते आणि मला ते बघवत नव्हते.

गिऱ्हाईक रविवारी होडी न्यायला येणार होते. म्हणून शनिवारी सकाळी मी कुणालला सांगितले, की आम्ही दोघे खंडेराव मार्केटला भाजी आणायला जातो. हे खोटे होते. यजमानांनाही मी तेच सांगितले होते, पण गाडी तेच चालवतात, त्यामुळे चौकात त्यांना खरे सांगावे लागले. "आता काय उपयोग," असे ते म्हणाले, पण गाडी त्यांनी तलावाकडेच वळवली.

मला पोहता येत नाही आणि पाण्यावर मळमळते, म्हणून मी त्या होडीत कधी बसले नव्हते. या वेळी दाढेखाली लवंग धरून बसले. मध्यावर गेल्यावर यजमानांनी यंत्र सुरू केले आणि स्वतः दुसरीकडे तोंड फिरवले. मी पडद्याकडे पाहिले.

"अहो, मलाही दिसतायत," मी म्हटले. "पुष्कळ आहेत."

"नक्की?" त्यांनी विचारले. मी म्हटले, तुमचे मन राखण्यासाठी मी होडीत बसणारी बाई नाही. त्यावर त्यांनी गॉगल काढला आणि डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले होते, ते मी पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांनी होडी धरली होती.

गॉगल काढताच ते म्हणाले, पडदा उजळला. हा गॉगल मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कुणालने आणून दिला होता, पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाऊ नये असा, भारीतला. मी तो लावून पाहिला तर पडदा काळाठिक्कर. मान तिरकी केली की दिसे. म्हणजे पडदा काळा का पडतो, ही एक गोष्ट तर उलगडली.

मग मी त्यांना म्हटले, "नोकरीत तुम्ही आधी यंत्रावर संशय घ्यायचात आणि मग माणसावर. या वेळी आधी स्वतःवरच कसा घेतलात?" त्यांनी बाह्या वर सारल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना असे पाहिले आणि मला फार बरे वाटले.

त्यांनी एकेक वस्तू बंद करायला घेतली. मोटर बंद केली, मासे तसेच. दिवा बंद केला, मासे तसेच. आमचे दोन्ही मोबाईल बंद केले, तरी तसेच. उरली बॅटरीला जोडलेली एक डबी. ती कुणालने दिवाळीत बसवली होती. तिच्यात मोबाईलचा चार्जर आहे आणि होडी कुठे आहे ते कुणालच्या फोनवर कळवणारे यंत्र आहे. बाबा पाण्यावर असताना त्यांचा फोन कधी बंद पडू नये आणि ते कुठे आहेत हे आपल्याला कळावे, एवढाच त्याचा हेतू. यजमानांनी तिची वायर काढली आणि पडदा स्वच्छ झाला. खाली पंधरा फुटांवर तळ आणि एकच मासा, तोही लहान.

त्यांनी मला समजावले, की हलक्या प्रतीचा चार्जर बॅटरीच्या तारांत खरखर सोडतो आणि यंत्र त्या खरखरीलाच मासे समजते. दुकानात यंत्र गेले होते, डबी होडीवरच राहिली होती, म्हणून बादलीत सगळे ठीक दिसले. त्यांनी वायर जोडून मासे दाखवले, काढून घालवले, पुन्हा जोडून दाखवले. मला पहिल्या वेळीच कळले होते, तरी मी पुरे म्हटले नाही. शेवटी वायर काढून ठेवली. मोबाईल सुरू करायचे दोघांनाही सुचले नाही. यजमान गळ टाकून बसले. मी त्यांच्यावर छत्री धरली. ठेपले खाल्ले. मळमळ केव्हा थांबली ते आठवत नाही.

इकडे आई-बाबा मार्केटात आहेत असे समजून बसलेल्या कुणालला होडी हलल्याचे फोनवर कळले. थोड्या वेळाने होडीची खूण तलावाच्या मधोमध नाहीशी झाली. आमचे फोन बंद. काय समजायचे ते समजून तो या पोलीस ठाण्यात धावत आला. रिपोर्ट देताना तो रडत होता असे बळवंतराव सांगतात, कुणाल नाही म्हणतो. तो पोलिसांबरोबर तलावावर पोहोचला तेव्हा आम्ही काठाला लागत होतो. आम्हाला बघताच तो बुटांसकट पाण्यात शिरला. त्यालाही पोहता येत नाही. त्याने बाबांचे मनगट धरले, ते गाडीत बसेपर्यंत सोडले नाही. डबीचे आणि गॉगलचे मी त्याला वाटेत सांगितले. त्यावर तो खिडकीबाहेर बघत बसला.

कुणालच्या रिपोर्टात वडिलांच्या वर्णनापुढे 'मानसिक स्थिती ठीक नाही, नसलेले दिसते' असे लिहिले आहे. ठाण्यात ते मोठ्याने वाचले गेले तेव्हा यजमान शेजारीच उभे होते. ते खाली बघत राहिले. कुणालने ते वाक्य खोडायची विनंती केली. बळवंतराव म्हणाले, "कुणालभाई, एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. पण खरं काय ते लिहून सोबत जोडता येतं, बराबर?" म्हणून मी हा जबाब देत आहे.

माझी कुणाविरुद्धही तक्रार नाही. मुलाने जे बिघडवले ते काळजीपोटी बिघडवले. मी खोटे बोलून गेले, त्यामुळे पोलिसांची धावपळ झाली, याबद्दल दिलगीर आहे. पण घरच्या माणसासाठी पुन्हा जावे लागले तर जाईन. गिऱ्हाइकाला होडी विकायची नाही असे कुणालनेच ठाण्यातून फोन करून कळवले आहे. डॉक्टरांकडे यजमान स्वतःहून जायला तयार आहेत. माझे यजमान पूर्ण भानावर आहेत. पडद्यावर जे होते तेच त्यांना दिसले आणि ते मलाही दिसले.

लिहून झाल्यावर बळवंतराव जबाब वाचायला लागले, तेव्हा कुणालने त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि बाबांच्या हातात दिला. "बाबा, तुम्ही वाचा," एवढेच तो म्हणाला. हा जबाब माझे यजमान बाळकृष्ण दिघे यांनी ठाण्यात सर्वांसमक्ष पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवला. कागदावर आहे तेवढेच त्यांनी वाचले, जास्त नाही, कमी नाही. ते माझ्या सांगण्याप्रमाणे खरे व बरोबर आहे.

सही : कांचन बाळकृष्ण दिघे