टोपलीतलं पाकट

थोरली : सुरी तू घे गं. माझ्या हातात राहतच नाहीये. त्या पाकटाने झटका दिलाय मघाशी.

धाकटी : कोणत्या पाकटाने?

थोरली : ते काय टोपलीतलं, थाळीसारखं गोल. विजेचं. हात घातला आणि कोपरापर्यंत मुंग्या!

धाकटी : मासे निवडण्यात जन्म गेला तुमचा, आणि झटका खाल्लात, जाऊबाई?

थोरली : हस, हस. सासूबाईही अशाच हसल्या होत्या. मी नवी नवरी. जाळ्यातलं जिवंत पाकट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "धर, आपल्या धंद्याशी ओळख करून घे." मी अशी किंचाळले, सगळा किनारा लोटपोट.

धाकटी : आणि मी आले तेव्हा माझ्यावर उट्टं काढलंत.

थोरली : तुला आधी सांगितलं होतं, शेपटाकडून धर म्हणून. मला कुणी सांगितलं होतं?

धाकटी : बरं, चहा घ्या. अहो, सांडतोय! पदरावर सांडला सगळा.

थोरली : उतरतील गं या मुंग्या. तेव्हाही उतरल्या होत्या.

धाकटी : जाऊबाई, ही टोपली कालची आहे. रात्रभर बर्फात होती.

थोरली : मग?

धाकटी : मेलेलं पाकट झटका देत नाही. तुम्हीच शिकवलंत.

थोरली : असेल थोडी धुगधुगी.

धाकटी : थांबा. हे बघा, दोन्ही तळवे ठेवले. दाबलं. काही नाही. नुसतं गार.

थोरली : होतं नव्हतं ते माझ्यावरच संपवलं असेल मेल्याने.

धाकटी : इकडे बघा. जरा हसा बरं.

थोरली : हसायला काय झालंय?

धाकटी : हसा म्हणते ना!

(थोरली हसते. ओठांचा एकच कोपरा वर जातो.)

धाकटी : उठा. दवाखान्यात जायचंय. बर्फवाले दादा, तुमचा टेम्पो काढा हो! लवकर!

थोरली : काहीतरीच तुझं. आमचे हे असेच गेले होते, जरा दाखवून येतो म्हणून. आले का परत?

धाकटी : ते उशिरा गेले. पित्त आहे, पित्त आहे म्हणत घरातच बसले होते. तुम्हीही पाकट पाकट करत बसणार आहात का?

थोरली : ...आणि एवढे मासे?

धाकटी : मांजरं खातील. चला.

थोरली : भीती वाटते गं. माझा हात धर ना.

धाकटी : धरलाय, जाऊबाई. मघापासून धरलाय.