रिकामा पेनड्राईव्ह कोणी देतं का?

शनिवारी सकाळी साडेदहाला सुरू झालं हे सगळं, आणि तुम्हाला सांगते, तेव्हापासून ही मी इथंच, बोर्डाजवळ! चार्जरची वायर जेवढी, तेवढंच माझं घर. कारण मोबाईल चार्जरवरून काढला की टक्के भराभर उतरून बंद, असं हितेंद्रभाऊ म्हणाला. गल्लीतलाच, मोबाईल दुरुस्त करतो तो. "वहिनी, हा आता एकदा बंद पडला ना, तर सगळं पुसूनच चालू होईल. आधी पोरीचे व्हिडिओ पेनड्राईव्हमध्ये काढून घ्या." पुसून! माझ्या हेमांगीचं पहिलं पाऊल, पहिलं "आई", जावळाच्या दिवशीचं रडणं, सगळं त्यातच की हो! मी सातवी शिकलेली, मला काय माहीत याच्या पोटात किती मावतं आणि कधी ओकतं?

सासूबाईंना मोबाईलजवळ बसवलं आणि धावत निर्मलकुमार शेठच्या दुकानात गेले. सोनगीरला पेनड्राईव्ह मिळाला तर तिथंच. शेठ जेवायला गेलेले, गल्ल्यावर त्यांच्या आई, कुसुमलता काकी. मी म्हटलं, काकी, पेनड्राईव्ह द्या, नवा, रिकामा.

"रिकामा? सवाशीण बाईच्या हातात खाली वस्तू देऊ? ओटी कधी खाली देतात का गं?"

आणि मला कुंकू लावलं, अन् तो घातला की कॉम्प्युटरला! विधी नावाच्या सुनेनं शिकवलंय म्हणे. भरायला शिकवलंय. काढायला नाही!

घरी आले. हितेंद्रभाऊनं लॅपटॉपला लावला. "वहिनी, यात जागाच नाही, माझा लॅपटॉप तर आधीच भरलेला. स्तवनं, प्रवचनं, फुल आहे. उडवू?"

उडवू म्हटल्याबरोबर सासूबाई, आमच्या भिकुबाई, उठून उभ्या! "देव उडावशी? तुनं डोकं फिरी गये का?"

मी म्हटलं, अहो, ते शेठांचे, जैनांचे देव आहेत, आपले नाहीत.

"दुसरास्ना शे म्हनीसन उडाई देशी? बठ्ठा देवच शेतस!" सगळे देवच म्हणे!

हितेंद्रभाऊनं हात झटकन मागं घेतला. "वहिनी, बटण तुम्हीच दाबा. माझं दुकान नवीन आहे." यांना फोन लावला सासूबाईंच्या मोबाईलवरून, तर हे सुरतेला, गाडी भरायला उभी... "आई म्हणते तसं कर." झालं! मग दाबू मी? आणि उद्या पोरगी नुसती शिंकली तरी कोणामुळं? माझ्यामुळं! रिकामा द्या म्हटलं होतं हो मी, रिकामा!

गेले परत. काकी, दुसरा द्या, लेकीचे व्हिडिओ ठेवायचेत, लेकीसाठी पाहिजे.

"लेकीसाठी? अगं, आधी नाही का सांगायचं!"

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू... डोळ्यात पाणी आलं माझ्या. आणि पुसून बघते तर काय, त्याही पेनड्राईव्हमध्ये काकींचं भरणं चालू! बालसंस्काराच्या गोष्टी, काठोकाठ! "लेकराला अर्धी ओटी देऊ नये बाई."

आता दोन्ही पेनड्राईव्ह आमच्या देव्हाऱ्यात. सासूबाई रोज हळदीकुंकू वाहतात. आणि मी? मी बोर्डाजवळ. काल लाईट गेली, हो! मोबाईलला धरून बसले, टक्के उतरताहेत, पोरगी मांडीवर "आई, आई" करतेय, आणि मी तिलाच म्हणते, थांब गं, तुझं पहिलं "आई" चाललंय! शेवटचा टक्का राहिला तेव्हा आली लाईट. रडले मी. सासूबाई म्हणाल्या, "देखं? देव घरमा शेतस म्हनीसन."

तर बायांनो, कोणी धुळ्याला जाणारं असेल, शिरपूरला जाणारं असेल, तर एवढा निरोप पुढं द्या. सोनगीरच्या एका बाईला पेनड्राईव्ह पाहिजे, रिकामा. रिकामा, हां! फक्त घ्यायला बाईमाणूस धाडू नका, पुरुष धाडा. पुरुषाची ओटी भरायची पद्धत नाही... अजून तरी.