उलटा पेडल

हे सांगायचं नाही अशी दादाने मला शपथ घातली आहे, पण तुम्ही काही परक्या नाही.

ताईच्या लग्नात दादा ऑक्टापॅड वाजवणार होता. चुकला तर ऑक्टापॅड विकायचा, असं बाबांनी बजावलं होतं. मंगलाष्टकं संपली की पायाने पेडल दाबायचा आणि ऑक्टापॅडमधला ताशाचा आवाज सुरू करायचा, एवढंच काम होतं. पेडल नवा होता. नांदेडचा दुकानदार म्हणाला होता, "पेडल म्हंजे पेडल. कोणताबी चालतंय."

मांडवात जोडल्यावर कळलं की हा उलटा चालतो. दाबून ठेवला की गप्प, पाय उचलला की ताशा.

दादा म्हणाला, "मग पाय उचलतच न्हाई."

मंगलाष्टकं चालू असताना बाबा दादाच्या लातूरच्या क्लासच्या सरांना घेऊन आले. "पाया पड सरांच्या!"

दादाने जागेवरूनच हात जोडले.

"अरे, पुढं येऊन पड की!"

दादा पुढे येऊन पाया पडला. ताशा वाजला. नवरदेवाने अंतरपाटावरूनच ताईला हार घातला आणि अर्धा मांडव जेवायला उठला.

गुरुजी म्हणाले, "अजून दोन राहिलीत."

नवरदेवाने विचारलं, "काढू का परत?"

बाबा दादाला हळूच म्हणाले, "विकून टाक तो. घरात अजून हिचं लगीन व्हायचंय." तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मीही जेवायला पळाले. थांबा, आई हाक मारतेय... आले गं आई!