जाळ्यातलं शेवाळ

गोराईच्या होडीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या गळ्यात लॅबचं ओळखपत्र, आईच्या हातात मासळीची रिकामी पाटी.

“मम्मी, ऐक ना. शेवाळाचा अर्क घातला त्या डिशमधल्या मेंदूच्या पेशींना लांबच लांब फांद्या फुटल्या. दुसऱ्या डिशमध्ये अर्क नव्हता, तिथे फारसं काहीच नाही.”

“कुठलं शेवाळ?”

“समुद्रातलं, खायचं. आम्ही तमिळनाडूतून मागवतो.”

“एवढ्या लांबून? तुझा पप्पा जन्मभर जाळ्यातून शेवाळच उपटून फेकत आला.”

“तेच निघालं तर झकास.”

“मग आजच त्याच्या कालवणात घालते.”

“नको गं. या उंदराच्या पेशी आहेत. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील.”

“तोवर तो मला विसरेल. सकाळीच विचारलं, बाई, तुम्ही कुठच्या? पण जाळं पुढ्यात टाकलं की शेवाळ कसं साफ काढतो.”

“मग ते फेकू नको. सोमवारी मी लॅबमध्ये नेते, आपलं कुठलं आहे ते बघू. पप्पाला सांग, तुझ्या लेकीला, जेनेव्हिव्हला मूठभर पाहिजे.”

“कोण जेनेव्हिव्ह, असं विचारेल.”

“विचारू दे. पण टोपली भरून देईल बघ.”